चावडीवर तपासलेला सातबारा

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव या पाच तालुक्यांना नवे मुख्यालय मिळाले, नवे शिक्के आले, जिल्हाधिकाऱ्यांची पाटी लागली. जमिनीचे दप्तर मात्र जुनेच राहिले. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानातून हैदराबाद राज्यात, तिथून १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलेले होते. नवा जिल्हा आपला कारभार जुळवत होता त्याच काळात राज्यभर सातबारा संगणकावर चढवण्याचे काम वेग घेत होते. त्यामुळे कागदी नोंदवह्यांचा डेटाबेस कसा झाला, तो कुठे अडखळला आणि कशाने सावरला, हे पाहायला हिंगोलीसारखा जिल्हा फार उपयोगी आहे. या इतिहासातून मला जे दिसते ते असे : सर्व्हर उभा करणे हा या कामाचा तुलनेने सोपा भाग होता. त्यात भरलेली माहिती खरी आहे की नाही हे ठरवण्याची एक जुनी, गावात मुरलेली पद्धत महसूल कारभाराकडे होती. संगणकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात ती पद्धत बाजूला पडली, आणि ती परत आणावी लागली तेव्हाच काम मार्गी लागले.

आधी जुने दप्तर नीट समजून घ्यायला हवे, कारण त्याला अडाणी कागदांचा ढीग समजण्याची चूक सर्रास होते. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुने एकवीस. त्यांतला सातवा नमुना जमीन कोणाची ते सांगतो, बारावा तिच्यात काय पिकले ते सांगतो, आणि दोन्ही एकाच कागदावर येतात म्हणून तो सातबारा. आठ-अ हा खातेदारामागे त्याची सगळी जमीन एकत्र दाखवतो. नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा, काहीही बदलले की आधी तिथे नोंद होते आणि मग ती सातबाऱ्यावर उतरते. जुने नाव पुसायचे नसते, त्याला कंस करायचा असतो, आणि नव्या नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहायचा असतो. म्हणजे गट क्रमांक ही जमिनीची ओळख, खाते क्रमांक ही माणसाची ओळख आणि फेरफार क्रमांक हा दोघांना जोडणाऱ्या प्रत्येक घटनेचा माग. डेटाबेस रचणारा आजचा अभियंता ज्या गोष्टींसाठी धडपडतो त्या इथे शाईने साधलेल्या होत्या: प्रत्येक वस्तूला एकच ओळख, एक तक्ता दुसऱ्याशी बांधलेला, कोणताही बदल मागे शोधता येईल असा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे नोंद लिहिली की ती खरी मानायची नाही, ही शिस्त. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १५० प्रमाणे नोंदीची प्रत चावडीवर लावायची, हितसंबंध असलेल्यांना नोटीस द्यायची, हरकतीला पंधरा दिवस ठेवायचे. हरकत आली तर वादाची वेगळी नोंद, आणि शेवटी लिहिणाऱ्याहून वेगळ्या माणसाने, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याने, ती प्रमाणित करायची. एवढे झाल्यावरच कलम १५७ त्या नोंदीला खरेपणाचे गृहीतक बहाल करते. कायद्याने हा विश्वास चाचणीच्या बदल्यात दिलेला आहे.

मराठवाड्यात ही रचना उशिरा आली. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. हैदराबादेत निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली, म्हणजे मुलखाचे जिल्हे पाडले, पुढे मोजणी झाली, पटवाऱ्याकडे सेतवार आणि पहाणीपत्रके आली. पण संस्थानाचा साधारण चाळीस टक्के मुलूख जहागिरी आणि सर्फ-ए-खास, म्हणजे निजामाच्या खाजगी मालमत्तेत, होता आणि तिथला हिशेब जहागीरदाराच्या मर्जीचा. रयतेच्या हक्काची नोंद करणारा हैदराबादचा नियम १३५८ फसली सालचा, म्हणजे पोलीस कारवाईनंतरचा. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, जहागिरी गेल्या. १९५० मध्ये कुळकायदा आला. आणि १९५४-५५ च्या खासरा पत्रकात प्रथमच गावोगावच्या प्रत्येक नंबरापुढे मालक कोण आणि वहिवाट कोणाची हे एका ओळीत आले. मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात आजही वकील आधी खासरा काढायला सांगतात, त्याचे कारण हे. हिंगोलीतल्या सातबाऱ्याची मुळे अशा रीतीने उर्दू आणि मोडी कागदांत, फसली सालांत आणि एकर-गुंठ्यांत आहेत. पुढे संहिता लागू झाली, एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट झाले, एकराचे हेक्टर-आर झाले. एक गुंठा म्हणजे एक आरपेक्षा किंचित जास्त, सुमारे १०१ चौरस मीटर. त्यामुळे प्रत्येक रूपांतरात पूर्णांक करताना काही ना काही सुटत गेले. शिवाय दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन व्हायचे. जीर्ण पान बाजूला ठेवून नव्यावर फक्त चालू नोंदी उतरवायच्या. या उतरवण्यात एखादे नाव गळले, एखादा ‘इतर हक्क’ राहून गेला, की तो पुढच्या पुनर्लेखनात सापडण्याची शक्यता आणखी कमी व्हायची. संगणक येण्याआधीच हिंगोलीचे दप्तर असे अनेकदा एका साच्यातून दुसऱ्या साच्यात ओतले गेले होते, आणि प्रत्येक वेळी थोडे सांडले होते.

केंद्राची भूमी अभिलेख संगणकीकरणाची योजना १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि त्यांत महाराष्ट्रातला जिल्हा होता वर्धा. तेव्हाच्या संगणकाला देवनागरी जिस्ट तंत्रज्ञानातून शिकवावी लागत होती. इस्की हे भारतीय लिप्यांचे मानक १९९१ चे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे, म्हणजे एनआयसीचे, जाळे तोवर उपग्रहामार्फत जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोचत होते. पुढच्या दशकात काम तालुक्यांवर आले. तहसील कार्यालयात एका खोलीत संगणक, बॅटऱ्या, छपाईयंत्र आणि तलाठ्यांनी आणून दिलेली दप्तरे. मराठवाड्यात तासन्‌तास भारनियमन असायचे, त्यामुळे यंत्र चालू राहणे हेच यश वाटावे अशी परिस्थिती. या टप्प्यात चाचणी झाली ती यंत्राची. गट क्रमांक घातला की पान उघडते का, मराठी अक्षरे नीट छापली जातात का, खातेदाराला काही मिनिटांत उतारा मिळतो का. या कसोट्या योग्यच होत्या आणि त्या उत्तीर्ण झाल्या याचा आनंदही रास्त होता, कारण एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे फिरण्याचा जाच शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला होता. परंतु पानावरचा मजकूर गावाला कोणी विचारला नाही. टंकणारा हात गावाबाहेरचा होता. ‘कंसात’ असलेले नाव चालू नाव म्हणून चढले, चालू नाव राहून गेले, मारुती कोंडिबाचा मारोती कोंडीराम झाला, तर हे ओळखायला त्या खोलीत कोणी नव्हते. फेरफाराला पंधरा दिवसांची नोटीस लागते आणि गावाची अख्खी हक्कनोंद नव्या माध्यमात उतरवताना मात्र ती लागत नाही, या विसंगतीकडे त्या वेळी पुरेसे लक्ष गेले नाही.

ही उणीव काही वर्षे झाकलेली राहिली, कारण हस्तलिखित सातबारा शेजारीच चालू होता. छापील उताऱ्यात चूक दिसली की तलाठी हाताने लिहिलेला देई आणि प्रश्न मिटे. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि त्यातून ई-फेरफार. तालुक्याच्या संगणकांतली माहिती राज्याच्या डेटा सेंटरकडे गेली. दुय्यम निबंधकाकडे आय-सरितामध्ये खरेदीखत नोंदले की त्याची माहिती थेट तलाठ्याच्या लॅपटॉपवर यावी, नोटीस आपोआप तयार व्हावी, प्रमाणित झाल्यावर सातबारा आपोआप बदलावा, अशी ती साखळी. कल्पना उत्तम होती. पण साखळीतल्या एका कड्यात खोटी माहिती असेल तर ती आता शेजारच्या कागदाने सावरली जाणार नव्हती. त्याच वेळी सगळ्या राज्याचा भार मध्यवर्ती सर्व्हरवर आला. राज्यात सातबारे अडीच कोटींच्या घरात. ‘सर्व्हर डाऊन’ हे दोन शब्द तलाठी आणि शेतकरी दोघांच्या तोंडी बसले, दिवसा संथ असलेली प्रणाली रात्री जरा हलते म्हणून तलाठी रात्री जागून नोंदी करू लागले, आणि त्यांच्या संघटनांनी आंदोलने केली.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. खरा घोटाळा सर्व्हरच्या क्षमतेचा होता, बँडविड्थचा होता. चावडी आणि हरकती यांचा त्यात काय संबंध? क्षमता कमी पडली हे खरेच. पण ती का कमी पडली हे पाहिले तर पुन्हा त्याच ठिकाणी येऊन पोचतो. सर्व्हरची ताणचाचणी करणारा सरासरी दिवस धरून चालला तर हिंगोलीत तो फसणारच, कारण इथल्या मागणीला सरासरी दिवसच नाही. मृग लागण्याच्या सुमारास पीककर्जासाठी बँकेत सातबारा आणि आठ-अ लागतो. खरिपाच्या पीकविम्याची मुदत बरीच वर्षे ३१ जुलैच्या आसपास संपायची. सोयाबीन, कापूस, हळद लावणारा सेनगावचा किंवा वसमतचा शेतकरी आणि विदर्भातला, खानदेशातला शेतकरी एकाच पंधरवड्यात त्याच खिडकीवर येतो. महसुली वर्षही १ ऑगस्टला सुरू होते. हा ताण कधी येणार हे कोणत्याही गावच्या कोतवालाला पाठ होते. कारभाराचे हे ज्ञान चाचणीच्या आखणीत उतरले असते तर यंत्र निदान योग्य दिवसासाठी मोजले गेले असते. शिवाय क्षमता वाढवता येते, नवे सर्व्हर घेता येतात, आणि ते झालेही. चुकीचे क्षेत्र मात्र वेगवान सर्व्हरवर आणखी वेगाने चुकीचे दिसते.

ते चुकीचे दिसू लागले तेव्हा आकडे बोलू लागले. डेटाबेसचा एक मोठा गुण असा की त्याला बेरीज विचारता येते. गटाचे एकूण क्षेत्र आणि त्यातल्या सगळ्या खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळते का? ते क्षेत्र भूमी अभिलेख खात्याच्या आकारबंदाशी, म्हणजे मोजणीच्या क्षेत्रनोंदीशी, जुळते का? खाते क्रमांक आहे पण माणूस नाही, असे किती? हे प्रश्न कागदाच्या काळात लाखो पानांना एकदम विचारणे अशक्य होते. आता विसंगतीच्या याद्या निघाल्या आणि त्यांतून दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या. काही चुका टंकलेखनाच्या होत्या. पण पुष्कळ चुका कागदावरच होत्या, गटवारीपासून, रूपांतरापासून, भूसंपादनापासून चालत आलेल्या. पूर्णा प्रकल्पाच्या सिद्धेश्वर धरणाखाली कालवे निघाले, इसापूरच्या जलाशयात कळमनुरीकडची जमीन गेली. अशा प्रत्येक संपादनानंतर कमी-जास्त पत्रक होऊन सातबाऱ्यावर क्षेत्र कमी व्हायला हवे. ते पत्रक जिथे राहिले तिथे शेत कालव्यात आणि नाव सातबाऱ्यावर, अशी स्थिती वर्षानुवर्षे टिकते. यंत्राने बेरीज चुकली एवढे सांगितले. कोणाचे वीस गुंठे खरे आणि कोणाचे पंचवीस, हे यंत्र सांगू शकत नव्हते. त्यासाठी बांधावरचा माणूस लागत होता.

म्हणूनच २०१७ च्या उन्हाळ्यातली चावडी वाचनाची मोहीम मला या साऱ्या इतिहासातला निर्णायक प्रसंग वाटते. संगणकावरचे सातबारे छापून तलाठ्याने गावात नेले, खातेदारांना दाखवले, चावडीवर वाचले, हरकती लिहून घेतल्या. दुरुस्त्यांसाठी आज्ञावलीत वेगळी सोय उघडली गेली. लेखनप्रमाद असेल तिथे तहसीलदाराने संहितेच्या कलम १५५ खाली आदेश काढून तो सुधारायचा. वरच्या अधिकाऱ्यांनी उतरत्या प्रमाणात नमुने तपासायचे आणि मग गावाचे काम पूर्ण झाल्याचे घोषणापत्र सही करून द्यायचे. त्याच वर्षी शरद ऋतूत राज्याच्या कर्जमाफीत न तपासलेल्या माहितीचे काय होते ते सगळ्यांनी पाहिले. अर्ज ऑनलाइन घेतले, बँकांच्या याद्यांशी ताळा घातला, आणि आधार क्रमांक व खात्यांचे घोळ निघाल्याने याद्या रखडल्या. सातबाऱ्याच्या बाबतीत मात्र वाचन आणि दुरुस्ती झाल्यावर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा उतारा सुरू झाला. तलाठ्याच्या सहीशिवाय चालणारा. त्या स्वाक्षरीमागे एनआयसीचे गणित आहे, तसे गावोगावच्या त्या उन्हाळ्यातल्या बैठकाही आहेत, आणि मला त्या बैठका अधिक मोलाच्या वाटतात.

चावडीचा एवढा गौरव करू नये, असेही कोणी म्हणेल. चावडी कधी सर्वांची होती? पाटलाच्या ओट्याशी बसण्याचा मान कोणाला होता आणि दुरून ऐकायचे कोणी, हे मराठवाड्याला सांगायला नको. बाया तिथे येत नसत. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला गेलेला भाऊ हजर नसे, आणि हजर असलेल्या भावाचे नाव मात्र ठळक होई. पंधरा दिवसांची नोटीस कित्येकदा कागदावरच बजावली जाई. जबाब घरी बसून लिहिले जात. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच मी चावडीला आदर्श म्हणत नाही, चाचणीची जागा म्हणतो. या पद्धतीतले दोष कुठले आहेत हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळे ते दुरुस्त करता येतात. शेतकरी संघटनेच्या चळवळीतून पुढे आलेल्या लक्ष्मीमुक्तीच्या विचाराला शासनाने १९९२ मध्ये मान्यता दिली आणि नवऱ्याने बायकोचे नाव सातबाऱ्यावर लावण्याची वाट मोकळी केली. ते कोणत्याही आज्ञावलीने सुचवलेले नव्हते. उलट संगणकाच्या चाचणीतले पक्षपात दिसतच नाहीत. जिचे नाव दप्तरात कधी आलेच नाही त्या बहिणीबद्दल विसंगतीची यादी गप्प बसते, कारण तिच्या भावांच्या क्षेत्राची बेरीज अगदी बरोबर येते.

आणखी एका आक्षेपात कर्नाटकाचे उदाहरण दिले जाते. तिथे ‘भूमी’ प्रकल्पाने २००१ च्या सुमारास सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर आणून हस्तलिखित पाहणीपत्रक बंद केले; मग महाराष्ट्राला इतकी वर्षे का लागली? पण तिथेही भरलेल्या माहितीच्या छापील प्रती गावच्या लेखापालांकडे तपासणीला परत पाठवल्या गेल्या होत्या, आणि ते झाल्यावर कागद थांबवला गेला. त्यांची घाई दिसते, तपासणी दिसत नाही, म्हणून तुलना फसते.

अलीकडच्या दोन घटनांनी हा मुद्दा आणखी स्पष्ट झाला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि हिंगोलीसह सर्व जिल्ह्यांतले खासरे, पहाणीपत्रके, जन्ममृत्यूच्या वह्या बाहेर निघाल्या. उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले, पाने स्कॅन झाली. स्कॅन केलेले पान म्हणजे चित्र. ते डेटाबेस होण्यासाठी कोणीतरी वाचावे लागते, आणि वाचले ते बरोबर वाचले का, हे दुसऱ्याने तपासावे लागते. दुसरी घटना ‘जिवंत सातबारा’ मोहिमेची. १ एप्रिल २०२५ पासून ती राज्यभर झाली आणि मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले गेले. संगणकीकरण पूर्ण झालेल्या राज्याला ही मोहीम का लागली? कारण डेटाबेसने कागदाशी इमान राखले होते आणि कागदावरचा माणूस मरून वीस वर्षे झाली होती. बेरीज जुळत होती, आकारबंद जुळत होता, स्वाक्षरी वैध होती. पीककर्ज मात्र मिळत नव्हते, कारण मृत माणसाच्या नावावर बँक कर्ज देत नाही. आता ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक याच सातबाऱ्यावर उभा राहतो आहे, विमा आणि अनुदान त्यातून वाहणार आहे, आणि ई-पीक पाहणीत बारावा नमुना शेतकरी स्वतःच्या फोनवरून भरतो आहे. एकाच नोंदीवर एवढा भार आधी कधीच नव्हता.

म्हणून २०१७ चे वाचन एकदाच करून थांबण्यासारखे नव्हते. दर महसुली वर्षाच्या शेवटी, जुलै संपण्याआधी, त्या वर्षी झालेले सगळे फेरफार गावात वाचले जावेत आणि ज्या खात्यांवर दहा वर्षांत एकही फेरफार नाही त्यांची यादी वेगळी वाचली जावी. तिथे बहुधा मेलेली माणसे आणि न लागलेले वारस सापडतील. ती यादी काढायला डेटाबेसला काही क्षण पुरतील. वाचायला एक दुपार पुरेल, फक्त ती दुपार सगळ्यांना गाठता येईल अशी निवडायला हवी: ऊसतोडीला गेलेली माणसे गावात असतील तेव्हाची. आणि सासरी गेलेल्या मुलींनाही नोटीस जायला हवी, त्यांच्या स्वतःच्या नावाने, त्या आज राहतात त्या पत्त्यावर.